अडतीस इंच

पाइक तळ्याच्या आसपास चाळीस मैलांत मैल्याच्या टाक्या उपसणारा एकच माणूस होता, आर्विड लेहतोला. बत्तीस वर्षं तो हे काम करत होता. कुणाची टाकी कुठल्या झाडाखाली आहे, कुणाचं झाकण तडकलंय, कुणाच्या घरी उन्हाळ्यात किती पाहुणे येतात, सगळं त्याला तोंडपाठ. हार्डवेअरच्या दुकानात तो शिरला की कुणीतरी हटकून नाक धरायचं. आर्विड म्हणायचा, "धरा, धरा. आहे ते तुमचंच. माझं काय त्यात?" लोक हसायचे. त्यालाही बरं वाटायचं.

मग फेब्रुवारीत कायदा बदलला.

तळ्यांचं पाणी बिघडतंय म्हणून राजधानीत नवा कायदा झाला आणि त्याच्या डोक्यावर जिल्ह्याने आपला नियम चढवला. तळ्याकाठी जो कुणी माणसं उतरवून घेतो किंवा खानावळ चालवतो, त्याने टाकी तपासून घ्यायची. ऑक्टोबर संपायच्या आत दाखला नसेल तर पुढच्या वर्षी धंद्याचा परवाना नाही. टाउन हॉलमध्ये बर्फाचे बूट घालून साठ-सत्तर माणसं दाटीने बसली होती. जिल्हा कचेरीतला डेल ब्रेक्के पुढे उभा राहून कागद वाचत होता. डेल चष्मेवाला, हळू बोलणारा माणूस. त्याला शिव्या द्यायच्या म्हटलं तरी जीभ वळत नसे.

"मुद्दा एवढाच आहे," तो म्हणाला. "टाकीतलं पाणी पुढे नळ्यांमधून जमिनीत मुरतं. त्या नळ्यांच्या तळापासून खाली तीन फूट कोरडी माती पाहिजे. छत्तीस इंच. त्याच्या आत पाणी लागलं, तर तुमची घाण तळ्यात जातेय असं धरायचं."

"तपासणार कोण?" मागून आवाज आला.

"परवाना असलेला तपासनीस. आपल्या भागात एकच आहे."

सगळ्यांच्या माना आर्विडकडे वळल्या.

"वा! म्हणजे नापास करणार आर्विड, आणि नवी टाकी खणणार तोही आर्विडच!"

"नवा जेसीबी कुठल्या रंगाचा घेतोस रे?"

आर्विडही हसला. पण शेजारी बसलेली त्याची बायको मार्लिस हसली नाही. तिने हातमोजे मांडीवर जुळवून ठेवले आणि ती पुढे बघत राहिली.

मे महिन्यात बर्फ वितळून जमीन मोकळी झाली आणि काम सुरू झालं. पहाटे पाचला ट्रक निघायचा. आर्विडने गिरमिट घ्यायचं, लांब दांड्याचं, मातीत फिरवत फिरवत खाली घालायचं तसलं, आणि मार्लिसने टेप आणि कागदाची फळी. एकेका जागी तीन भोकं पाडायची. गिरमिट चार-चार इंच खाली घालायचं, वर काढायचं, आलेली माती फळकुटावर ओळीने मांडायची. जिथवर दरसाल पाणी चढतं तिथली माती राखाडी पडलेली असते आणि तिच्यात गंजासारखे तांबडे ठिपके असतात. पाणी उतरलं तरी ते ठिपके जात नाहीत. आर्विड गुडघ्यांवर बसून नखाने माती उकलून बघायचा आणि आकडा सांगायचा, मार्लिस तो लिहायची. डास कानाच्या मागे, पापण्यांवर बसायचे. मातीने भरलेले हात तोंडाला लावता यायचे नाहीत, म्हणून मार्लिसच मधूनमधून आपल्या बाहीने त्याचा चेहरा पुसायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचे खांदे गिरमिटाला कुरकुरत होते. संध्याकाळी शर्ट काढायला त्याला तिची मदत लागायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लायल हापालाची पाळी आली.

लायल मार्लिसचा धाकटा भाऊ. तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर त्याची खानावळ होती आणि पलीकडे गाड्या लावून त्यांतच राहणाऱ्या पाहुण्यांसाठी बारा जागा. तीन बाजूंनी पाणी. वरच्या मजल्यावर त्यांची आई इना राहायची, शहाऐंशी वर्षांची. दोन हिवाळ्यांपूर्वी आर्विडची छाती दाबून आली होती तेव्हा बर्फाच्या वादळात नव्वद मैल गाडी हाणत डलुथच्या इस्पितळात त्याला नेणारा लायलच होता. वाटेत तो मोठमोठ्याने वाईट विनोद सांगत होता, आर्विडने डोळे मिटू नयेत म्हणून.

"या या, सरकार आलं!" लायल मागच्या दारातून ओरडला. हातात मासे सोलायची सुरी. "सरकारला कॉफी देऊ की लाच?"

"कॉफी दे. लाच परवडायची नाही तुला," आर्विड म्हणाला.

"अरे, माझी जमीन बापाने निवडून घेतलेली आहे. खाली नुसती वाळू. तळ्याकाठी एक जरी दाखला द्यायचा झाला तर तो मलाच द्यावा लागेल." आणि तो आत गेला.

पहिलं भोक. काळी माती, मग तपकिरी. मग गिरमिट जड झालं. आर्विडने ते वर खेचलं तेव्हा मातीने बुळुक असा आवाज केला. फळकुटावर त्याने ढेकूळ मांडलं आणि नखाने उकललं. राखाडी, आणि तिच्यात तांबडे ठिपके, दाट. त्याने टेप लावली. मग पुन्हा लावली. नळीच्या तळापासून चौदा इंच.

तो उठून दहा पावलं पुढे गेला आणि त्याने दुसरं भोक पाडलं. तेरा. तिसरं. चौदा.

मार्लिस फळी धरून उभी होती. माती तिलाही दिसत होती. चार आठवड्यांत तिनेही ठिपके वाचायला शिकून घेतलं होतं. वर खिडकीच्या काचेवर टकटक झालं. इना हात हलवत होती. मार्लिसनेही हात हलवला.

"काय, पास ना?" स्वयंपाकघरातून लायलची हाक आली. उत्तरासाठी तो थांबलाही नाही, लगेच नळ सोडल्याचा आवाज आला.

आर्विड गुडघ्यांवरच होता. "अडतीस," तो म्हणाला.

मार्लिसची पेन्सिल हलली नाही.

"अडतीस," तो पुन्हा म्हणाला, मातीकडे बघत. "सदतीस. अडतीस."

तिने लिहिलं. आर्विडने माती भोकांमध्ये परत लोटली आणि बुटाने दाबली, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग दोघं आत जाऊन कॉफी प्यायले. लायलने बशीत मासा वाढला. मग दोघं घरी निघाले. आर्विडने मनात ठरवलं होतं, झालं ते एकदाच. उद्यापासून एक इंचसुद्धा इकडचा तिकडे होणार नाही.

चार दिवसांनी ते हेल्मी राउतिओकडे गेले.

हेल्मी शहात्तर वर्षांची. आर्विड सहा वर्षांचा होता तेव्हा शाळेची बस ती चालवायची, तेव्हापासून तो तिला मावशी म्हणत आला होता. तिचा नवरा उर्हो याने पाहुण्यांसाठी लाकडी ओंडक्यांच्या सहा सुट्या खोल्या बांधल्या होत्या, तळ्याच्या अगदी कडेला. उर्हो जाऊन अकरा वर्षं झाली. चादरी धुणं, होड्या रंगवणं, चुली साफ करणं, सगळं ती एकटी करायची. तिच्याकडे उतरणारी कुटुंबं वर्षानुवर्षं तीच. एका बाईने तर आपल्या मुलीचं नाव हेल्मी ठेवलं होतं.

गिरमिट खाली गेलं. वाळू आली, चांगली भरड वाळू. आर्विडला हायसं वाटलं. आणखी खाली. मग ठिपके. थोडे, विरळ, पण होते. त्याने टेप लावली.

बावीस इंच.

लायलच्या चौदापेक्षा आठ इंच जास्त, आणि छत्तीसला चौदा इंच कमी. आर्विड मांड्यांवर हात टेकून बसून राहिला. मार्लिस त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही विचारल्यासारखं होतं. त्याने मान फिरवली.

"बावीस," तो खणखणीत आवाजात म्हणाला.

"आर्विड."

"बावीस लिही. आहे ते बावीस आहे."

तिने लिहिलं. पुढची दोन्ही भोकं बावीस आणि तेवीस निघाली. त्याने प्रत्येक ठिकाणी तीन-तीनदा मोजलं. एवढं काटेकोर त्याने त्या उन्हाळ्यात कुठेच मोजलं नव्हतं.

हेल्मीने कॉफी ठेवली होती. वेलदोड्याचा पाव कापून समोर मांडला. "हात धुऊन बसा रे. आर्विड, तू बारीक झालास. मार्लिस, ह्याला खायला घालतेस की नाही?"

"घालते. ह्याच्या अंगाला लागत नाही," मार्लिस म्हणाली.

"मग? ठीक आहे ना आमचं?"

आर्विडच्या तोंडात पाव होता. "बघू," तो म्हणाला. "आकडे कचेरीत जातात. तिथून कागद येईल."

"उर्होने फार मन लावून केलं होतं ते. तो खणायचा, मी वाळू ओढायचे. पाठ गेली होती माझी." ती हसली आणि त्याच्या बशीत आणखी एक तुकडा ठेवला. तोही त्याने खाल्ला.

नापास केल्याचा कागद तिला पोस्टाने गेला.

पुढचे दोन महिने आर्विडने मान वर न करता काम केलं. चौतीस जागा तपासल्या, अकरा नापास केल्या. लोक फोनवर मार्लिसला नको नको ते बोलायचे. हार्डवेअरच्या दुकानात आता कुणी नाक धरत नव्हतं. तो शिरला की बोलणं थांबायचं, आणि तो बाहेर पडताना मागून यायचं, "आज कुणाचा संडास बंद केला?" एकदा त्याच्या ट्रकच्या काचेवर कुणीतरी ओला चिखल थापून ठेवला होता. चिखलच होता, त्याने वास घेऊन बघितला. बाही कोपरापर्यंत सारून तो पुसत असताना दुकानाच्या खिडकीतून तीन-चार जण बघत होते.

त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. उलट कुणी टाकून बोललं की बरंच वाटायचं.

हेल्मीचा फोन आला नाही. कचेरीत डेलकडून आर्विडला कळलं की ती स्वतः येऊन गेली होती, चर्चला जायचा कोट घालून. नवी व्यवस्था करायला तिच्याकडे जागाच नव्हती. तळ्यापासून ठरलेलं अंतर सोडलं, विहिरीपासूनचं सोडलं, की उरायची ती फक्त तिच्या घराखालची जमीन. "तिने काही वाद घातला नाही," डेल म्हणाला. "एवढंच विचारलं, की आर्विडने मोजलंय ना? मी हो म्हटलं. मग बरोबरच असेल, म्हणाली."

आर्विडने त्या रात्री जेवण अर्धं टाकलं.

सप्टेंबरात पाहुण्यांचा हंगाम संपला. एका शुक्रवारी संध्याकाळी आर्विड आणि मार्लिस लायलकडे गेले. शुक्रवारी तिथे तळलेले मासे असायचे, अख्खं गाव यायचं. लायल ताटं घेऊन टेबलाटेबलांतून फिरत होता, तांबडा, घामाघूम, खूश. त्यांच्या टेबलाशी येऊन तो खुर्चीवर उलटा बसला.

"ऐकलंत का? हेल्मीने जागा विकली. शहरातलं कुणी जोडपं आहे, एकच मोठं घर बांधणार. लाकडी खोल्या अख्ख्याच उचलून ट्रॉलीवर घालून नेणार म्हणे."

"विकली?" मार्लिस म्हणाली.

"मग करणार काय? वाईट वाटतं हो, बाई चांगली. पण तिचे पाहुणे, सगळे मला फोन करतायत! पुढचा जुलै अर्धा भरलाय माझा. स्वयंपाकघराला लागून आणखी एक खोली काढावी म्हणतो, आईला जिने नकोत." तो पुढे वाकला. "मी म्हणत होतो ना? जमीन बघून घ्यावी लागते. उर्हो राउतिओ माणूस सोन्यासारखा, पण जमिनीची पारख नव्हती त्याला. आमच्या बापाला होती."

शेजारच्या टेबलावर हेल्मीचा मावसभाऊ बसला होता. त्याने ऐकलं. तो ताटातला बटाटा कापत राहिला, बारीक बारीक.

मार्लिसने काटा खाली ठेवला. "मला बरं वाटत नाहीये," ती म्हणाली. "चल."

ट्रकमध्ये बसल्यावर आर्विडने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मी शाळेत गणितात पहिली यायचे," मार्लिस म्हणाली. "चौदाचे अडतीस कसे होतात ते मला कुणी शिकवलं नाही. पण लिहिले मीच."

"मी सांगितलं म्हणून."

"मी काय पेन्सिल आहे?"

त्याने किल्ली काढून हातात धरली.

"आणि हेल्मीकडे एवढा ओरडून बावीस का सांगितलास? मी तेव्हाच विचारणार होते. तिथेच तुला इमान आठवलं?"

"तुझ्या भावाचं खोटं केलं होतं ना," आर्विड म्हणाला. "मला वाटलं, पुढचं सगळं खरं केलं की ते भरून निघेल."

"हेल्मीने भरलं ते," मार्लिस म्हणाली.

पुढच्या चार दिवसांत, लायलची खानावळ बंद करायची म्हणजे आईला कुठे ठेवायचं, हे मार्लिस एकदा बोलली. आर्विडने ऐकून घेतलं. लायलला काहीच ठाऊक नाही, हेही ती एकदा बोलली. तेही त्याने ऐकून घेतलं. मंगळवारी सकाळी लायल बाजाराला गेल्याचं बघून आर्विड एकटाच गिरमिट घेऊन टोकावर गेला. कदाचित घाईत चुकलं असेल, नळीचा तळच चुकीचा धरला असेल, अशी एक वेडी आशा त्याला होती. त्याने नव्या जागी भोक पाडलं. नळीच्या तळाखाली दहा इंचांवरच गिरमिट बुळुक करून वर आलं.

तो घरी आला आणि हात धुवायच्या आधीच म्हणाला, "उद्या कचेरीत जातोय."

मार्लिस कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पूर्ण केली. "मी पण येते," ती म्हणाली.

डेल ब्रेक्केने त्यांना खुर्च्या दिल्या. आर्विड उभाच राहिला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. डेलने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आर्विड, तू काय बोलतोयस ते कळतंय ना तुला? मी अजून काही लिहिलेलं नाही. हवं तर तू बाहेर जा, विचार कर, पुन्हा ये."

"विचार जूनपासूनच चालू आहे."

"तपासणीचा परवाना जाईल. कायमचा. दंडही होईल. टाक्या उपसायचं काम राहील, तेवढंच."

"जाऊ दे. आकडे माझे आहेत. तिने फक्त मी सांगितलं ते लिहिलं."

"मी माती बघितली होती," मार्लिस म्हणाली. "तेही लिहा."

डेल दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने कागद पुढे ओढला. लिहून झाल्यावर आर्विडने विचारलं, "हेल्मी राउतिओचं काय होईल?"

"तिचं काय?"

"म्हणजे, तिचं काही मागे घेता येईल का?"

"तिचे आकडे खोटे होते?"

"नाही. तिचे बरोबर होते."

"मग मी काय मागे घेऊ?" डेल म्हणाला. त्याने ते दुष्टपणे म्हटलं नव्हतं. "दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस लायलकडे पुन्हा मोजेल, पण नोटीस आधी जाईल. सोमवारी पोस्टात पडेल."

शुक्रवारी आर्विडला हेल्मीकडे जायचंच होतं. विकलेल्या जागेतली टाकी रिकामी करून, झाकण फोडून, वाळूने बुजवून द्यायची असा नियम होता, आणि त्या कामाला तिने दुसऱ्या गावचा माणूस बघितला नव्हता. त्यालाच निरोप पाठवला होता. खोल्या आधीच गेल्या होत्या. त्यांच्या जागी गवताचे सहा पिवळे चौकोन होते. तळ्यावरून गार वारा येत होता. पाइप टाकीत सोडून, उपसून, धुऊन, आर्विडने लोखंडी पहारीने झाकणाचे तुकडे केले आणि ते आत लोटले. वाळूचा ढीग शेजारी ओतला होता. मग तो हेल्मीच्या दारात गेला.

"मावशी, तुला एक सांगायचंय."

ती खोक्यात बश्या भरत होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याने सांगितलं. चौदा आणि अडतीस. बावीस. कचेरीत जाऊन आलो तेही सांगितलं. तिचा हात एका बशीवर तसाच राहिला.

"लायलकडे आधी गेला होतास. मग माझ्याकडे आलास," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"त्याच्याकडे चौदा होते."

"हो."

"मग माझेही अडतीस लिहायचे होतेस."

आर्विडने खाली बघितलं.

"खरं तर बावीसच होते, मला मान्य आहे. डोळ्यांनी दिसलं असतं तर मीच म्हटलं असतं, बावीस लिही. तळं माझंही आहे." तिने बशी खोक्यात ठेवली. "पण तू खोटं लिहू शकतोस हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आर्विडने मोजलंय म्हणजे काही इलाज नाही. मी गप्प बसले. तुझ्या भरवशावर गप्प बसले मी. आणि तू काय ठरवलंस? कुणासाठी खोटं बोलायचं, कुणासाठी नाही. त्या यादीत मी नव्हते. सहा वर्षांचा होतास तेव्हापासून ओळखते तुला, आणि यादीत नव्हते."

"मावशी—"

"माझ्या टेबलाशी बसून पाव खाल्लास. बघू म्हणालास. मला पोस्टमनकडून कळलं."

ती भिंतीवरचा कोट घालून बाहेर आली. वाळूच्या ढिगाला टेकवलेलं फावडं तिने उचललं.

"राहू दे, मी करतो," आर्विड म्हणाला.

"ह्याची वाळू मी ओढलेली आहे. बुजवताना कशाला बसू?"

दोघं वाळू लोटत राहिले. ती दर चार फावड्यांनी थांबायची, कंबरेवर हात ठेवून तळ्याकडे बघायची. त्याने दोनदा फावडं मागितलं, तिने दिलं नाही. जमीन सपाट झाली तेव्हा तिच्या ओठांना निळी झाक आली होती.

"लायलला कधी कळणार?" तिने विचारलं.

"सोमवारी पत्र जाईल."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

"मग जा," ती म्हणाली. "एकीला पोस्टातून कळवलंस ते पुरे झालं." आणि ती घरात जाऊन दार लावून बसली.

मार्लिसला घेऊन तो टोकावर पोचला तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. आवारात गाड्याच गाड्या. दोघं मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. तेल कढत होतं. लायल कोपरापर्यंत पिठात बुडाला होता.

"अरे, पुढून या ना! बसा, पहिलं ताट तुमचं."

"लायल, जरा बाहेर चल."

"वेडा झालास? तीस माणसं बसलीत. इथेच बोल."

आर्विड बोलला. टोपी हातात घेऊन, भिंतीला पाठ लावून. लायल आधी हसला. मग त्याने बहिणीकडे बघितलं. तिने मान डोलावली. तो वळला आणि एकेक तुकडा तेलात सोडत राहिला. तेलाचा आवाज एवढा होता की आर्विडला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसावं.

"किती?" पाठमोराच लायल म्हणाला.

"चौदा."

"वाळू नाही?"

"वर आहे थोडी. खाली चिकणमाती. पाणी वरपर्यंत चढतं."

"मी हेल्मीच्या भावासमोर बोललो," लायल म्हणाला. "गेल्या शुक्रवारी. उर्होला पारख नव्हती म्हणालो. सगळ्यांसमोर." त्याने झाऱ्याने मासे उलटले. "आजवर प्रत्येकाला सांगत फिरलो मी. आणि तू समोर बसून ऐकत होतास."

"हो."

"जूनमध्ये सांगितलं असतंस तर रस्त्यापलीकडची जमीन बघितली असती. तेव्हा ती विकाऊ होती. काहीतरी केलं असतं. तू मला काही करूच दिलं नाहीस, आर्विड."

हे आर्विडच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. जूनपासून तो समजत होता की हेल्मीचं वाईट केलं असलं तरी लायलचं निदान भलं केलं.

पलीकडून कुणीतरी ताट वाजवून मासे मागितले. मार्लिसने खुंटीवरचा एप्रन काढून बांधला, तळलेले तुकडे ताटांत वाढले आणि दोन ताटं घेऊन ती बाहेर गेली. लायल काही म्हणाला नाही. ती परत आली, आणखी दोन घेऊन गेली. मोरीत खरकट्या ताटांचा ढीग साचला होता. आर्विडने टोपी बाकावर ठेवली, बाह्या सारल्या आणि नळाकडे हात नेला.

"तू नको," लायल म्हणाला.

आर्विडचा हात तसाच राहिला. मग त्याने बाह्या खाली केल्या, टोपी उचलली आणि तो मागच्या दाराने बाहेर आला. वरच्या खिडकीत दिवा लागलेला होता. इनाने त्याला बघून हात हलवला. त्याने मान खाली घातली आणि तो ट्रकमध्ये जाऊन बसला, चालकाच्या शेजारच्या जागेवर.

लोक खाऊन एकेक करत बाहेर पडू लागले. जाताना कुणी ट्रककडे बघून हात केला, कुणी केला नाही. बातमी अजून कुणाला नव्हती. शेवटची गाडी गेल्यावर मार्लिस आली. तिच्या अंगाला तेलाचा वास येत होता, हात पाण्याने सुरकुतले होते. ती चाकामागे बसली.

"काय म्हणाला?" आर्विडने विचारलं.

"उद्या सकाळी हेल्मीकडे जाणार म्हणतो. माफी मागायला."

"कशाची? त्याने काय केलंय?"

"मीही तेच म्हटलं," मार्लिस म्हणाली. "तर म्हणाला, कुणीतरी नीट मागायला पाहिजे."

तिने किल्ली फिरवली.